धुराडं झाडायचं कुणी?

डिसेंबरात मावसभावाचा फोन आला. दौलताबादच्या पुढं शेतात त्यानं नवं घर बांधलंय आणि हौसेनं बैठकीत भिंतीतली शेकोटी, म्हणजे फायरप्लेस करून घेतलीय.

"दादा, पेटवली की सगळा धूर घरातच येतो बघ. पोरं खोकून बेजार. ते धुराडं साफ करणारं माणूस कुठं भेटंल? तू बॉयलरवर होतास, तुला ठावं असंल."

साखर कारखान्यात बॉयलरवर माझी 19 वर्षं गेली, ही गोष्ट नातेवाइकांना एरवी आठवत नाही. मी त्याला विचारलं, आतापर्यंत पेटवलीस किती वेळा? म्हणाला, "चार-पाच बार."

चार-पाच वेळा पेटवून धुराडं तुंबत नाही. म्हणजे साफ करणारा माणूस आणून उपयोग नव्हता, दुखणं वेगळंच होतं. ते कळायला आधी धूर वर का जातो ते नीट समजून घ्यावं लागतं. आपल्याकडं ज्यांच्या घरी चूल आहे, शेतघर आहे किंवा अंघोळीच्या पाण्याचा बंब आहे, त्या सगळ्यांना हेच लागू पडतं.

धूर हलका असतो म्हणून वर जातो, असं आपण म्हणतो. पण गार झालेला धूर पाहा. पावसाळ्याच्या सकाळी गावावर तो खालीच बसून राहतो, वर जायचं नावच घेत नाही. वर जाते ती गरम हवा, धूर तिच्यासोबत जातो. तराजू डोळ्यांपुढं आणा. एका पारड्यात धुराड्यातली गरम हवा, दुसऱ्या पारड्यात बाहेरची तेवढ्याच उंचीची गार हवा. गार हवा जड, तिचं पारडं खाली येतं आणि गरम हवेचं वर उचललं जातं. धुराडं धूर ओढतं असं आपल्याला वाटतं, पण खरं तर बाहेरची जड हवा चुलीच्या तोंडातून आत घुसून त्याला वर ढकलत असते.

हा जोर किती? 10 अंशाला एक घनमीटर हवा साधारण 1.25 किलो भरते, 100 अंशाला 0.95 किलो. फरक 300 ग्रॅमचा. धुराडं 3 मीटर उंच धरलं तर डिसेंबरच्या पहाटे ढकलणारा दाब येतो जेमतेम 9 पास्कल. पाण्याच्या मापात सांगायचं तर 1 मिलिमीटर पाणीसुद्धा त्यानं वर चढत नाही. आता हाच हिशोब मे महिन्यातल्या परभणीच्या दुपारी करा. बाहेर 45 अंश, तिथली हवाच मुळात पातळ, 1.11 किलोची. फरक उरतो 160 ग्रॅमचा आणि दाब 5 पास्कलवर येतो, म्हणजे जवळजवळ निम्मा. उन्हाळ्यात चूल जास्त धुपते अशी घरोघरच्या बायकांची तक्रार असते. ती अगदी खरी आहे.

कारखान्यात आम्हाला ही चिंता नव्हती. तिथं धूर खेचायला भलामोठा पंखा असतो, आयडी फॅन म्हणतात त्याला. तो बंद पडला की बॉयलरच्या दारातून ज्वाळा अंगावर येतात, तेव्हा कळतं जोर म्हणजे काय. घरात पंखा नाही. तिथं सगळा कारभार त्या अर्ध्या-पाऊण मिलिमीटर पाण्याच्या जोरावर चालतो. एवढ्याशा जोराला अडवायला फार काही लागत नाही. एक काटकोनातला बेंड पुरतो, साळुंकीचं घरटं पुरतं, बोटभर काजळी पुरते. घट्ट बसणाऱ्या सरकत्या खिडक्या सगळ्या लावून घेतल्या तरी पुरतं, कारण बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला वाटच राहत नाही. त्यात कुणी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू केला तर तो पंखा आपली हवा धुराड्यातूनच खाली ओढतो आणि धूर उलटा घरात.

भावाच्या घरी जाऊन मी टेप लावला. शेकोटीचं तोंड 3 फूट रुंद आणि अडीच फूट उंच, म्हणजे 1,080 चौरस इंच. वर गवंड्यानं घातलेला पाइप 6 इंची. त्याचं तोंड भरतं 28 चौरस इंच. बाहेरदेशी शेकोट्या बांधणाऱ्यांचा ढोबळ हिशोब असा, की धुराड्याची वाट शेकोटीच्या तोंडाच्या साधारण दहावा हिस्सा तरी हवी. इथं ती अडतिसावा हिस्सा होती. गवंड्याला दोष द्यावा तर त्यानं बिचाऱ्यानं आयुष्यात शेकोटी बांधलेली नाही, मोबाइलवरचा फोटो बघून बांधली. फोटोत पाइप दिसत नाही.

ज्यांना अशी शेकोटी बांधायचीच आहे त्यांनी बेंजामिन थॉम्पसन नावाच्या माणसाला मनातल्या मनात नमस्कार करावा. काउंट रमफर्ड म्हणून तो ओळखला जातो. 1790च्या दशकात त्यानं इंग्लंडमधल्या धुरकट शेकोट्या दुरुस्त करून दाखवल्या. त्याचं सांगणं सोपं होतं: शेकोटी उथळ करा, बाजूच्या भिंती तिरक्या करा म्हणजे उष्णता खोलीत फेकली जाईल, आणि धुराड्याचा गळा अरुंद करा म्हणजे धूर वेगानं वर जाईल. गळ्याच्या मागं एक सपाट कट्टा ठेवला की वरून येणारा वाऱ्याचा झोत त्यावर आपटून परत फिरतो. गळ्याशी लोखंडी झडप बसवतात, तिला डँपर म्हणतात. शेकोटी विझून पार गार झाल्यावर ती लावायची. पेटवताना उघडायची विसरलात तर काय होतं ते सांगायला नको. इतकं करूनही उघड्या शेकोटीची बहुतेक उष्णता वरूनच निघून जाते, लाकडातली दहा-पंधरा टक्के घराला मिळाली तरी पुष्कळ. परभणीचा पारा थंडीत 5-6 अंशांवर उतरतो, तेव्हा शेक हवासा वाटतो हे मान्य. पण चार रात्रींसाठी एवढा खटाटोप मी केला नसता.

पाइप गच्चीवर किती उंच काढायचा, हे गवंडी हमखास चुकवतात. भावाच्याही गच्चीवर पाइप कठड्याच्या बरोबरीत कापलेला होता. वारा कठड्याला आपटून खाली वळतो आणि सरळ पाइपात शिरतो. नियम असा आहे: छतातून बाहेर पडतो तिथून पाइप निदान 3 फूट वर हवा, आणि 10 फुटांच्या आत जे काही उंच असेल, मग तो कठडा असो, पाण्याची टाकी असो की जिन्यावरची खोली, त्याच्याही 2 फूट वर हवा. पावसासाठी पत्र्याची टोपी घालावी, पण तोंडावर दाबून बसवू नये. पाइपाच्या व्यासाएवढी तरी फट सोडावी.

आता चुलीकडं येतो, कारण शेकोट्या मराठवाड्यात बोटावर मोजण्याइतक्या, आणि चुली अजून घरोघर आहेत. गॅस आलाय. उज्ज्वला योजना 2016 साली सुरू झाली तेव्हापासून सिलिंडर खेड्यातही दिसतो. तरी भाकरी, अंघोळीचं पाणी आणि गुरांचं आंबोण बऱ्याच घरांत चुलीवरच होतं.

जुन्या माळवदाच्या घरात धुराला वाट होती. छतात सानं असायचं, उजेड तिथून यायचा आणि धूर तिथून जायचा. पाऊस आला की वर चढून त्यावर काहीतरी उपडं टाकायचं. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, माळवदाच्या मातीखाली आणि दगडी भिंतींखाली माणसं गाडली गेली, आणि त्या छताची धास्ती लातूर-उस्मानाबादच्या गावागावांत बसली. पुढं घरं झाली ती स्लॅबची, सिमेंटच्या ब्लॉकची, पत्र्याची. जीव वाचवणारी घरं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण सान्याची जागा कुणी धरली नाही. धूर स्लॅबला धडकतो आणि तिथंच फिरतो. म्हणून चूल पडवीत गेली, पत्र्याच्या आडोशाला गेली, पावसाळ्यात परत घरात आली.

चुलीला धुराडं जोडायची कल्पना इथल्या मातीला नवी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत मगन चूल झाली. आणि 1950च्या सुमारास हैदराबादच्या इंजिनिअरिंग रिसर्च लॅबोरेटरीत डॉ. एस. पी. राजू यांनी बिनधुराची चूल तयार केली. तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, म्हणजे ती आपल्याच राज्याच्या राजधानीतली चूल म्हणायची. 1980च्या दशकात केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा देशव्यापी कार्यक्रम काढला, गावोगाव निर्धूर चुली बसल्या, आणि 2002 साली तो कार्यक्रम आटोपला. पुण्याच्या आरती संस्थेची लक्ष्मी चूलही पुष्कळांच्या ओळखीची आहे. दोन भांड्यांची मातीची चूल, मागून धुराडं.

मग त्या चुली गेल्या कुठं? अनेक घरांत मी हेच पाहिलं: वर्ष-दोन वर्षांत धुराडं तुंबलं, धूर पहिल्यासारखा पुढून यायला लागला, घरच्यांनी ती फोडून साधी चूल मांडली. चूल बसवायला माणूस आला होता, झाडायला कुणी आलं नाही. घरातल्या बाईनं वर चढून पाइप झाडावा असं गृहीत होतं, पण तिला ना ब्रश दिला ना कसं झाडायचं ते दाखवलं.

काजळीचं गणित क्रूर आहे. 4 इंची पाइपाला आतून सगळीकडं अर्धा इंच थर बसला तर पाइप 3 इंची होतो. ऐकायला पाऊण वाटतं, पण वाटेचं क्षेत्रफळ उरतं 56 टक्के. निम्म्याच्या जवळ वाट बंद, आणि जोर आधीच पास्कलांत मोजायचा.

थर बसतो कशानं? लाकूड पुरतं जळलं तर राख, वाफ आणि कार्बन डायऑक्साइड, बस. अर्धवट जळालं की काजळी आणि डांबरासारखी वाफ निघते. पाइप आतून साधारण 120 अंशांच्या खाली गार असला की ती वाफ तिथं गोठून चिकटते. याला क्रिओसोट म्हणतात. म्हणून ओलं लाकूड सगळ्यात वाईट. त्याची बरीच आच स्वतःचं पाणी आटवण्यात जाते, धूर गारच वर जातो आणि वाटेत चिकटत जातो. पऱ्हाट्या आणि तुराट्या भडकून जळतात, धुराडं लवकर तापतं. गोवरी धुमसते, तिचा धूर जास्त. बाभळीचं लाकूड उत्तम, पण वाळलेलं. आपल्याकडं उन्हाची काही कमी नाही, मार्चमध्ये फोडून उन्हात रचलेलं लाकूड मृगापर्यंत चांगलं वाळतं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघा. खणखणीत आवाज आला तर वाळलंय, बद्द आला तर राहू द्या.

पाइपात हात घालून बघितलं तर तीन प्रकार सापडतात. बोटाला लागणारी मऊ काजळी असेल तर ब्रशनं झटक्यात जाते. खवल्यांसारखी कुरकुरीत असेल तर कडक ब्रश लागतो. आणि काळ्या काचेसारखा चकाकणारा, नखानं न निघणारा थर असेल तर तो खरवडत बसू नये, पत्र्याचा पाइप सरळ बदलावा. हा तिसरा थर पेट घेतो. धुराड्याला आग लागली तर आतून घोंघावण्याचा मोठा आवाज येतो आणि वरून ठिणग्या उडतात, आत 1,000 अंशांच्या वर तापमान जाऊ शकतं. अशा वेळी पाइपात पाणी ओतू नका, तो तडकतो. चुलीचं तोंड पत्र्यानं किंवा ओल्या पोत्यानं बंद करून हवा तोडा, माणसं-गुरं बाहेर काढा आणि 101 किंवा 112 लावा. पाइप वाशांना टेकलेला असला तर छतही पेटतं. अमेरिकेतल्या नियमांत साध्या पत्र्याच्या पाइपापासून लाकूड 18 इंच लांब ठेवायला सांगतात. आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये पाइप वाशाला तारेनं बांधलेला असतो.

किती दिवसांनी झाडायचं? रोजची चूल असेल तर महिन्याला एकदा खालून आरसा धरून आत बघा, उजेडाचा गोल बारीक झाला की झाडा. थर 3 मिलिमीटर झाला की थांबू नये. काहीही असलं तरी वर्षातून दोनदा झाडाच: एकदा दसरा काढताना, घरभर जळमटं निघतातच तेव्हा, आणि एकदा मृगाच्या आधी. पावसाचं पाणी काजळीत मुरलं की ती आंबट होते आणि जस्ती पाइप आतून खाते. पेंढा जाळून पाइप साफ करायचा उद्योग काही जण करतात, तो अजिबात करू नये. ती मुद्दाम लावलेली आगच.

आता भावाचा मूळ प्रश्न, माणूस कुठं मिळेल. युरोपात हा परंपरेचा धंदा आहे. जर्मनीत जिल्ह्याच्या प्रत्येक भागाला नेमून दिलेला धुराडेवाला असतो. 2013 सालापर्यंत आपल्या भागातल्या नेमलेल्या माणसाशिवाय दुसऱ्याला बोलावायची मुभाच जवळपास नव्हती. नव्या वर्षाला तो दिसला तर शुभ मानतात. पण या धंद्याचा जुना इतिहास काळा आहे. इंग्लंडात पाच-सहा वर्षांची पोरं अरुंद धुराड्यांत चढवत. 1775 साली पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदानं दाखवून दिलं, की या पोरांना पुढं अंडकोशाच्या कातडीचा कर्करोग होतो तो काजळीमुळं. कामातल्या एखाद्या पदार्थानं कर्करोग होतो, हे स्पष्टपणे नोंदवलेलं ते पहिलं उदाहरण. कायदे होत राहिले, मोडत राहिले, शेवटी 1875च्या कायद्यानं परवाना सक्तीचा झाला तेव्हा हा प्रकार थांबला. ही गोष्ट यासाठी सांगितली की काजळी म्हणजे चुलीची निरुपद्रवी शाई नव्हे. तोंडाला मास्क किंवा निदान ओला पंचा, हातमोजे, अंगभर जुने कपडे, आणि काम झालं की साबणानं अंघोळ.

मराठवाड्यात असा धंदा नाही. छत्रपती संभाजीनगरात किंवा लातुरात चिमणी साफ करणारा म्हणून विचाराल तर किचन चिमणीवाला येईल. त्याचं काम तेलकट जाळ्या आणि मोटरचं, धुराड्याचं नाही. जाता जाता सांगतो, त्या किचन चिमणीखाली चूल किंवा शेगडी मांडू नका, तिची मोटर आणि पातळ डक्ट त्या ठिणग्यांसाठी नसते. धुराड्यासाठी दोन जागी चौकशी करावी. एक, पत्र्याचं काम करणारा फॅब्रिकेशनवाला. पाइप तोच जोडतो, तर उतरवूही शकतो. दुसरी जागा माझ्या मते जास्त चांगली: साखर कारखान्यातले बॉयलरवरचे लोक. गाळप हंगाम संपला की ते नळ्यांमधली काजळी काढतात, ब्रश आणि जोडाच्या सळया कशा चालवायच्या ते त्यांच्या हाताला माहीत असतं. हंगामानंतर त्यांना कामही हवं असतं.

माणूस ठरवताना पैशांआधी कामाचं बोला. तू छतावर चढणार का नुसतं खालून ठोकणार? ब्रश पाइपाच्या मापाचा आहे का? दगडी-विटांच्या धुराड्याला तारेचा चालतो, पत्र्याच्या पाइपाला नायलॉनचा बरा. खालचा टी, म्हणजे T आकाराचा जोड, उघडून साचलेली काजळी काढणार का? ती टाकणार कुठं? मोबाइलचा टॉर्च लावून आधीचा आणि नंतरचा फोटो दाखवायला सांगा, या एका अटीवर कामचुकार माणूस आपोआप गळतो. "पावडर टाकली की सगळं आपोआप निघतं" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. आणि वजनानं हलकं म्हणून कुणाचंही पोरगं छतावर चढवू नका.

पाइप जुना, करड्या सिमेंटचा असेल तर जपून. सरकारी कार्यक्रमातल्या बऱ्याच चुलींना ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप होते. त्याला तारेचा ब्रश, ग्राइंडर, करवत काही लावू नका. त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात ते कायमचे. ओला करून, न फोडता, अख्खा उतरवायचा आणि पत्र्याचा बसवायचा.

घरच्या घरी करायचं असेल तर चूल आदल्या रात्रीपासून गार हवी. तोंडाला ओलं पोतं लावा, नाहीतर घरभर काळं होईल. आयर्लंडात पूर्वी होली नावाच्या काटेरी झाडाची फांदी दोराला बांधून धुराड्यातून वर-खाली ओढत. आमची आजी तुराट्यांच्या पेंडीला जुनेरं गुंडाळून तेच करायची, तिला आयर्लंड कुठं आहे ते माहीत नव्हतं. वर एक, खाली एक अशी दोन माणसं हवीत. आधी पाइपाला टिचकी मारा. आत पोळं असेल तर मधमाश्या बाहेर येतील आणि तुमचा बेत बदलेल.

पेटवताना एक युक्ती. रात्रभर पाइपात गार हवा बसलेली असते, बुचासारखी. आधी पाइपाच्या तोंडाशी दोन तुराट्या किंवा कागदाचा बोळा पेटता धरा. बूच तापून सुटलं की मग खालचा जाळ लावा.

राखेचंही सांगतो. वरून गार दिसली तरी आत निखारा दोन-दोन दिवस जिवंत राहतो. झाकणाच्या लोखंडी डब्यात भरा, आणि कडब्याच्या गंजीपासून लांब ठेवा. थंडीत काही घरांत घमेल्यात निखारे घेऊन दार लावून झोपतात. निखाऱ्याला धूर नाही म्हणून ते निर्धोक वाटतं, पण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही, वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते. घमेलं बाहेर, आणि शेकोटी पेटलेली असेल तोवर एक खिडकी चार बोटं उघडी.

भावाच्या शेकोटीचं असं केलं. पाइप 12 इंची करायचा तर स्लॅब फोडावा लागला असता, त्याला बायको तयार नव्हती. मग उलटं केलं. 28 चौरस इंचांच्या पाइपाला दहापट तोंड, म्हणजे 280 चौरस इंच. शेकोटीचं तोंड विटांनी बुजवत बुजवत 20 इंच रुंद आणि 14 इंच उंच एवढंच ठेवलं, आणि गच्चीवरचा पाइप साडेचार फूट वाढवला. संध्याकाळी पेटवली. पहिली दोन मिनिटं धूर घुटमळला, मी खिडकी उघडली, आणि तो निघून गेला. मावशी समोर येऊन उकिडवी बसली, हात शेकले, विटांकडं बघितलं आणि म्हणाली, "एवढे पैसे घालून शेवटी चूलच केली की रे."